सिनेमावाल्यांनो, आमच्या हिशेबाची वही उघडा: एका हलगीवाल्याच्या मुलीचं खुलं पत्र

सिनेमा आणि वेब मालिका लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या आणि त्यात पैसा घालणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात एका रुग्णालयात परिचारिका आहे. माझे वडील, आमचे अण्णा, एकतीस वर्षं ढोलकी फडाच्या तमाशात हलगी वाजवत होते. फड म्हणजे तमाशाची फिरती मंडळी. आई त्याच फडात गवळणीत उभी राहायची आणि दिवसा शंभरावर माणसांच्या भाकऱ्या थापायची. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावापासून पायी तासाभराच्या अंतरावर.

मागच्या फाल्गुनात आमच्या घरी चार जण आले होते. तमाशातल्या एका वादकाची गोष्ट करायची आहे, गरिबीतून वर येणाऱ्या पोराची, संगीत दणदणीत असणार आणि सगळं अगदी खरंखुरं दाखवायचं आहे, असं ते म्हणाले. अण्णांना आनंद झाला. आईनं पाहुण्यांना पिठलं-भाकरी केली. दोन दिवस अण्णा बोलत होते. पहिल्या दिवशी दुपारी ते उचलीबद्दल सांगायला लागले. कोणत्या साली किती घेतली, किती फिटली, किती अंगावर राहिली, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. वीसेक मिनिटांनी त्यांच्यातल्या एका मुलानं कॅमेरा बंद केला आणि म्हणाला, "काका, हिशेबाचं राहू द्या. तुम्ही कधी रडलात, ते सांगा." अण्णांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "वैशाखात हिशेब झाला की." तो मुलगा ओशाळवाणं हसला आणि त्यानं पुढचा प्रश्न विचारला.

हे पत्र त्या एका मुलासाठी नाही. तो लहान होता, नम्र होता, जाताना अण्णांच्या पाया पडला. पण त्याला जे ऐकू आलं नाही ते तुम्हा सगळ्यांनाच ऐकू येत नाही, असं मला तुमचे सिनेमे बघताना वाटतं. म्हणून लिहिते आहे.

उचल म्हणजे काय, ते आधी सांगते. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या आसपास परत येतो. पावसाळ्यात कनात गुंडाळलेली, ट्रक उभे. त्या महिन्यांत घरात पीठ लागतं, पोरांना वह्या लागतात, म्हाताऱ्यांना औषधं लागतात. मग पुढच्या हंगामाच्या बोलीवर फडमालकाकडून पैसे घ्यायचे. ही उचल. हंगाम सुरू झाला की पगारातून ती कापत जातात. फिटली नाही तर पुढच्या सालात ओढायची. उचल अंगावर असताना फड बदलता येत नाही. बदलायचाच तर नव्या मालकानं जुन्याचे पैसे भरायचे, म्हणजे कर्ज तेच राहतं, धनी बदलतो. आणि फडमालकाला तरी किती बोल लावायचा? त्याच्याही डोक्यावर सावकार बसलेला असतो. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात राहुट्या पडतात, गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे पंच येतात, सुपाऱ्या, म्हणजे खेळांचे करार, ठरतात. त्या सुपारीतला पैसा कितीदा तरी हातात पडायच्या आधीच व्याजात गेलेला असतो.

मी नऊ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत फडावर राहिले होते. हंगामाचा शेवटचा खेळ होता. सुरुवातीला गणाच्या, म्हणजे गणेशवंदनेच्या, आधी हलगी आणि ढोलकीची खणाखणी चालते, त्या रात्री ती इतकी रंगली की लोक उठून उभे राहिले. एका पैलवान माणसानं स्टेजवर चढून अण्णांच्या सदऱ्याला शंभराची नोट टाचली. मी विंगेत उभी होते. माझ्या बापाएवढा मोठा माणूस जगात कोणी नाही, असं मला त्या रात्री वाटलं.

सकाळी कडुनिंबाखाली मॅनेजर वही घेऊन बसला. एकेकाला नावानं हाक मारायची, आकडे वाचून दाखवायचे, सही किंवा अंगठा. अण्णांच्या पगारातून उचल वजा झाली. दवाखान्याला दिलेले पैसे वजा झाले. आजी वारली तेव्हा ते दहाव्यापर्यंत घरी राहिले होते, ते खाडे वजा झाले. हातात सतराशे चाळीस रुपये आले. मॅनेजरनं पान उलटलं आणि नव्या सालाची आठ हजारांची उचल लिहिली. अण्णा अक्षर जुळवत सही करायचे, त्यांना वेळ लागला. ते वाकले तेव्हा मला त्यांच्या खांद्याशी रात्रीची टाचणी दिसली. नोट काढून घेतली होती, टाचणी तशीच राहिली होती.

तुम्ही संघर्ष म्हणता तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ती टाचणी येते. तुमच्या सिनेमात नायक उपाशी असतो, त्याला मारहाण होते, बाप दारू पितो, मग एक दिवस मोठं स्टेज मिळतं, हजारो लोक उभे राहतात आणि पडदा पडतो. आमच्याकडं लोक उभे राहायचे ते आदल्या रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, ते तुम्ही कधी दाखवतच नाही. टाळ्या आणि मजुरी यांचा एकमेकांशी काही संबंध नसणं, हीच तर आमच्या आयुष्यातली सगळ्यात क्रूर गोष्ट आहे.

विठाबाई नारायणगावकरांची कथा तुम्हाला ठाऊक असेलच. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा सुरू झाल्या तेव्हा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा स्टेजवर आल्या. ही गोष्ट प्रत्येक सूत्रसंचालक सांगतो आणि सभागृहात टाळ्या पडतात. मी प्रसूती कक्षात तीन वर्षं काम केलं आहे. मला त्या गोष्टीवर टाळ्या वाजवता येत नाहीत. जिची पाठ टेकवायची वेळ होती, तिला त्या रात्री बिछाना कुणी दिला नाही, हे मला त्यात ऐकू येतं. विठाबाईंना १९५७ आणि १९९० असं दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या, तेव्हा शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या खर्चासाठी लोकांपुढं हात पसरायची वेळ आली होती. तमाशाच्या सम्राज्ञीची ही गत, तर मागं उभं राहून झील धरणाऱ्याचं, म्हणजे गाण्याची शेवटची अक्षरं उचलणाऱ्याचं, काय झालं असेल, याचा विचार करा.

आणि तुमच्या धंद्यावर आमचं ऋण आहे, हे मी मुद्दाम म्हणते. १९५९ साली तमाशावरचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद थिएटरमध्ये १३१ आठवडे चालला. त्यानंतर कितीतरी वर्षं मराठी सिनेमाची चूल फेटा, नऊवारी आणि ढोलकीवर पेटत राहिली. त्या सिनेमांतली बाई बहुतेक वेळा कुणा सज्जन माणसाचा संसार बुडवायलाच आलेली असायची. माझी आई रात्री बारापर्यंत चाळ बांधून नाचायची आणि पहाटे चुलीपुढं बसायची. तिला कुणाचा संसार बुडवायला सवड नव्हती.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे त्याकडं येते. चांगल्या आयुष्याची धडपड म्हटली की तुम्ही कलेच्या जोरावर वर जाणारा माणूस दाखवता. आमच्या वस्तीत चांगलं आयुष्य म्हणजे कला सुटणं. मुलीच्या पायात चाळ पडू नये आणि मुलाच्या हातात हलगी येऊ नये, यासाठी आई-बाप जन्मभर वाजवत आणि नाचत राहतात. ही गोष्ट मी पडद्यावर अजून पाहिलेली नाही.

आम्ही मातंग. हलगी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. वरातीपुढं आम्ही, पालखीपुढं आम्ही, मयतीपुढं आम्ही. पालखी देवळात शिरली की हलगीवाला पायरीशी थांबायचा. अण्णांनी ते लहानपणी पाहिलं, स्वतः भोगलं. फडात त्यांना पहिल्यांदा नाव मिळालं, जाहिरातीच्या गाडीवरून पुकारलं जाणारं. तरीही घरी आले की हलगी उंच खुंटीला टांगायचे आणि आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. दहा वर्षांची असताना मी स्टुलावर चढून ती काढली. दोन ठेके वाजवले असतील नसतील, अण्णा बाहेरून आले आणि त्यांनी मला मारलं. आयुष्यात त्यांनी मला एवढं एकदाच मारलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. मी झोपले आहे असं समजून आईला म्हणाले, "तिचा हात बसतोय गं." मला तेव्हा वाटलं, मी काहीतरी वाईट केलं. त्यांना काय वाटलं असेल, हे मला कळायला वीस वर्षं लागली.

पुढं वसतिगृहाचा फॉर्म भरताना आईचा व्यवसाय या रकान्यात त्यांनी 'शेतमजुरी' लिहायला सांगितलं. आई शेजारीच उभी होती, ती काही बोलली नाही. मीही बारावी, मग नर्सिंगचं जीएनएम, मग नोकरी, कुठंही तमाशाचा त बोलले नाही. दुसऱ्या वर्षाला आमच्या स्नेहसंमेलनात कुणीतरी ढोलकीवाला आणला होता. त्यानं हात टाकला आणि माझे पाय ठेका धरायला लागले. मी दोन्ही पाय खुर्चीच्या आडव्या दांडीत अडकवून बसले. शेजारच्या मुली टाळ्या वाजवत होत्या, त्यांना कशाचीच भीती नव्हती.

आज माझं दोन खोल्यांचं घर आहे, हप्ते वेळेवर जातात, अण्णांच्या गोळ्या मी आणते. ते म्हणतात, झालं मनासारखं. आणि मला हलगी येत नाही. माझ्या भावालाही येत नाही, तो ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये आहे. जिच्यासाठी माणसं पायावर उभी राहायची ती कला आमच्या घरात अण्णांबरोबर संपेल, आणि ती संपावी म्हणूनच अण्णांनी एकतीस वर्षं काढली. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. यातला आनंद दाखवा आणि यातलं नुकसानही दाखवा. एकालाच धरून गोष्ट केलीत तर ती आमची होणार नाही.

सहानुभूती म्हणून गरिबीचं चित्र रंगवू नका, एवढंही मागणं आहे. गरिबी कशानं टिकून राहिली ते दाखवा. पाऊस, उचल, जात यांच्याबद्दल सांगितलं. घड्याळाचंही बघा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणं रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, आणि ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्रात जातात. चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांच्या वाट्याला काय येणार? मी रुग्णालयात काम करते, रात्रीच्या शांततेचं मोल मला कळतं, नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याचा परिणाम काय झाला, तो ऐका. पूर्वी जेवणखाण आटोपून लोक यायचे, गण, गवळण, विनोदी बतावणी आणि मग वग, म्हणजे तमाशातलं नाटक, तो तांबडं फुटेपर्यंत चालायचा. आता गाणी होईस्तोवर पोलिसांची गाडी येऊन उभी राहते. वग गेला. वगाबरोबर राजा गेला, सोंगाड्याचं लांबलचक काम गेलं आणि पाठ नसलेले संवाद जागेवर रचणारी हुशार माणसं बसून राहिली. उरली ती गाणी, तीही सिनेमातली, म्हणजे तुमचीच.

मग कोरोना आला. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. पाडवा म्हणजे सुपाऱ्यांचा मोसम, चैत्र-वैशाख म्हणजे वर्षाची कमाई, सगळं एका दिवसात बंद. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि १४ च्या रात्री राज्यात संचारबंदी सुरू झाली. सलग दोन हंगाम बुडाले, आणि उचल तर आधीच घेऊन, खाऊन झाली होती. त्या मे महिन्यात तमाशातल्या नामवंत कलावंत कांताबाई सातारकर कोरोनानं गेल्या. अण्णा नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट उचलायला जायचे. ज्या गावात पाडव्याला फडाच्या राहुटीबाहेर ते ऐटीत बसायचे, तिथंच. ओळखीचे लोक भेटायचे, मास्कमुळं ओळखू यायचं नाही, ते बरं वाटायचं, असं एकदा म्हणाले. मी तेव्हा पुण्यात कोविड वॉर्डात होते. दोघंही रात्री फोनवर बोलायचो आणि दोघंही एकमेकांना सांगायचो की काम हलकं आहे.

आवाजाबद्दल थोडं बोलते, कारण तुम्ही संगीतावरची गोष्ट करणार आहात. तुमच्या सिनेमात हलगी एकदम वाजायला लागते. खरी हलगी आधी तापवावी लागते. अण्णा कनातीमागं वाळलेला पाला आणि जुनं वर्तमानपत्र पेटवायचे, हलगी जाळावर आडवी धरून फिरवायचे, मधूनच नखानं टिचकी मारून कान लावायचे. कातडं सैल असेल तर आवाज भद्द येतो. ताण बसत जातो तसा आवाज चढतो आणि एका क्षणी टिचकीचा आवाज काचेवर खडा पडल्यासारखा होतो. तेव्हा ते म्हणायचे, "आली." थंडीत ही खटपट जास्त, दव पडलं की अर्ध्या तासात पुन्हा जाळ. त्या जाळाभोवती सुरत्ये, म्हणजे मागं सूर धरणारे, हात शेकत बसलेले, तुणतुण्याची एक तार कुणीतरी पिळतंय, बायकांच्या राहुटीतून चाळांचा आवाज. पुढं स्टेजवर काय होणार आहे, ते सगळं त्या जाळाशी ठरतं. संगीताची गोष्ट इथून सुरू होते, असं मला वाटतं.

आणि हे स्टुडिओत कीबोर्डवर करू नका. फडात झील धरणारा माणूस गाण्याची शेवटची अक्षरं उचलून इतकी वर नेतो की गळ्याच्या शिरा तटतटतात. तो आवाज गोड नाही. शेवटच्या रांगेतल्या, झाडावर बसलेल्या माणसापर्यंत पोचायला तो घडला आहे, माइक नव्हते तेव्हापासून. तो साफसूफ केलात तर त्यातलं अंतर जाईल.

अण्णांना डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. हलगी डाव्या हातात, छातीशी, कानाच्या खाली. एकतीस वर्षं तो कडकडाट त्याच कानात गेला. मीच त्यांना तपासायला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कारखान्यात होता का? अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "तमाशात होते. हलगी वाजवायचे." चारचौघांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. कारखान्यातल्या माणसाला अशा कानाची भरपाई मागता येते. हलगीवाल्यानं कुणाकडं मागायची?

म्हणून व्यवहाराचंही बोलते. आमच्या घरी आलेल्या त्या लोकांनी अण्णांचं चाळीस मिनिटांचं वादन ध्वनिमुद्रित करून नेलं. कागद नाही, पावती नाही. अण्णांनी मागितलं नाही, पाहुण्याकडं कसं मागायचं, म्हणाले. तुम्ही जाल तिथं माणसं अशीच वागतील, जेवू घालतील आणि मागणार नाहीत. ते मागत नाहीत म्हणून द्यायचं राहू नये. माहिती घ्यायला बसलात तर त्या दिवसाचे पैसे त्याच दिवशी द्या. वादन नेलंत तर मराठीत लिहिलेला करार करा आणि तो वाचून दाखवा. वाजवणाऱ्याचं नाव पाटीवर घाला, 'स्थानिक कलाकार' असं लिहून मोकळे होऊ नका. आणि नायकाचं काम कुणालाही द्या, पण त्याच्या मागं उभी राहणारी माणसं फडातली घ्या. पावसाळ्यात चित्रीकरण केलंत तर फारच बरं. त्या चार महिन्यांत मिळालेला रोजगार म्हणजे तेवढी उचल कमी, इतका सरळ हिशेब आहे.

अण्णांनी आता फड सोडला आहे. पण चैत्रात आमच्या गावची यात्रा असते, तेव्हा खुंटीवरची हलगी खाली येते. आता ते मला जाळ धरू देतात, वर्तमानपत्राची सुरळी करून मी पेटवते आणि ते फिरवतात. यंदा या. आगाऊ कळवलंत तर आई जेवणाचं बघेल. वही त्यांच्याकडं आहे, एकोणीस सालांची पानं त्यांनी मॅनेजरकडून उतरवून घेतली होती, ती ते स्वतः वाचून दाखवतील. कॅमेरा चालू ठेवा. फक्त बसताना त्यांच्या उजव्या बाजूला बसा, म्हणजे तुम्ही काय विचारताय ते त्यांना ऐकू येईल.

आपली,
एका हलगीवाल्याची आणि एका नाचणारणीची मुलगी